बिजलीचा बंब

नळाला हात लावला आणि शेषरावांच्या बोटांतून काहीतरी सरसरत कोपरापर्यंत आलं. फार नाही. गांधीलमाशी चावली असती तर जास्त दुखलं असतं. त्यांना आधी तेच वाटलं, म्हणून त्यांनी हात झटकला आणि न्हाणीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या जाळीवर माशी शोधली. पौषातल्या थंडीत कुठली आली माशी! मग त्यांनी बोटाची मागची बाजू नळाला हलकेच टेकवली. परत तेच. हात आपोआप मागे आला, आणि माणूस आपल्याच घरात परक्यासारखा उभा राहावा तसे ते ओल्या फरशीवर उभे राहिले. भिंतीवर तो तांब्याचा उभा बंब नेहमीसारखाच लटकलेला होता. त्याच्या डोक्यातून निघालेल्या दोन तारा वर जाऊन थेट भिंतीत शिरत होत्या. एरवी ते या नळाला कधी हात लावत नसत. उभी हयात कापसाच्या जिनात गेलेला माणूस, भल्या पहाटे हौदातलं पाणी अंगावर घ्यायची सवय, तीच त्यांनी म्हातारपणातही लावून धरलेली. आज खांदा धरला होता म्हणून म्हटलं, घ्यावी एक बादली गरम. आणि हे असं. आतून, स्वयंपाकघरातून शकुनची हाक आली, "बाबा, झाली का आंगोय? मी येऊ का आता?" शेषरावांनी नळाकडे पाहिलं. पोरीला सातवा लागलेला. ओल्या अंगानं, ओल्या पायानं ती रोज याच नळाशी येते. "नको," ते ओरडले, आणि आवाज फारच चढला म्हणून मग खाली आणून म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे बाई. थंडी लय हाये. मोरी बी तुंबली हाये, साफ करा लागते." ती काही वाद घालील असं त्यांना वाटलं होतं. आंघोळीवाचून चहाही न घेणारी ती पोर. पण ती लगेच "बरं" म्हणाली, आणि शेषरावांना हायसं वाटलं. पोरगी समजूतदार आहे, ते मनात म्हणाले.

समजूतदार होतीच. नाहीतर आली कशाला असती? अकोल्याला तिला आणायला गेले तेव्हा विहीणबाई, पार्बताबाई, ओसरीवर सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मनानं वाईट नव्हे ती बाई, पण जिभेला हाड नाही. "आणाले आले म्हन्ता, इवाईबुवा, थे ठीक हाये," त्या सुपावरची नजर न काढता म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी, थे बी ठीक हाये. पन तिथं हाये कोन? माय नाई, बहीण नाई. तुमी एकटे. बाळंतिणीले कढत पानी पाह्यजे, शेक पाह्यजे. तुमी काय चुलीत फुका मारत बसान?" व्याही खुशालराव आत पान लावत होते. शकुन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, खाली बघत. आणि शेषराव, जे आयुष्यात कुणापुढं बढाई मारायला गेले नाहीत, त्या दिवशी त्या ओसरीवर ताठ बसून म्हणाले, "आमच्या घरी चूल फुकाचं कामच नाई. बिजलीचा बंब हाये. नळ सोडला का कढत पानी. जेवढं पाह्यजे तेवढं. सायबाच्या घरचा हाये." पार्बताबाईंचं सूप थांबलं. बिजलीनं पाणी तापतं हे त्यांनी ऐकलेलंही नसावं. "बापा बापा," त्या म्हणाल्या, "मंग काय, राजाचं घर हाये म्हना!" त्यात टोमणा होता की कौतुक, हे शेषरावांना अजूनही ठरवता आलेलं नव्हतं. पण शकुनला त्यांनी पाठवलं. बडनेऱ्यापर्यंत गाडीत ती खिडकीशी बसून राहिली, आणि शेषराव तिच्या शेजारी बसून मनातल्या मनात विहीणबाईंना पुन्हा पुन्हा तेच उत्तर देत राहिले, दर वेळी जरा जास्त झोकात. माय गेली म्हणून पोरीचं माहेर गेलं असं कोणी म्हणू नये. एवढंच त्यांना पाहिजे होतं. बाकी या वयात आणि पाहिजे काय असतं?

बंब साहेबाचाच होता, ते काही खोटं नव्हतं. जिनचा मॅनेजर लढाईच्या आधी विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या कॅम्पातल्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं. खुर्च्या, पियानो, चिखलदऱ्याला न्यायच्या वेताच्या पेट्या, आणि हे दोन बंब. दोन्ही शेषरावांनी घेतले. का घेतले ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. बायकोचे, माणिकबाईंचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते, हे एक. दुसरं म्हणजे, इतकी वर्षं साहेबाच्या मशिनींना तेलपाणी केलं, आता साहेबाचं एक मशीन आपल्या घरी पाणी तापवील, यात त्यांना काहीतरी गोड वाटलं होतं. बिजली कंपनीच्या माणसाकडून एक बसवून घेतला, दुसरा पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. माणिकबाई त्या बंबाला 'तुमचा सायेब' म्हणत. "तुमच्या सायबाचं पानी दिसाले गरम, पन हाडापर्यंत जात नाई," त्या म्हणत. "लाकडाच्या धुराचं पानी थे पानी." तरी नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून रोज त्याच पाण्यानं न्हात, आणि न्हाऊन आल्या की मुद्दाम त्यांच्या समोरून केस पुसत जात. अंजनगावच्या मळेकऱ्यांची लेक, वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांत वाढलेली, तिला कशाला पाहिजे होता साहेब? पण त्या गेल्या तेव्हा घरातलं जे जे बंद पडलं, त्यात हा बंबही होता. वर्षभर खटका दाबलेला नव्हता. शकुन यायच्या आदल्या दिवशी शेषरावांनी तो दाबला, बंब गुणगुणला, नळातून वाफ आली, आणि त्यांना इतका आनंद झाला की ते तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिले.

आता काय करायचं? कंपनीच्या माणसाला बोलवावं तर तो आज येतो म्हणून परवा उगवणार. आला की ओसरीवर ठाण मांडून, चहा घेत घेत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगणार की बंबात करंट उतरला आहे, बरं झालं कोणी मेलं नाही. शकुन ऐकणार. शकुनचं पत्र अकोल्याला जाणार, किंवा पत्र नाही गेलं तरी बातमी जाणार, वऱ्हाडात बातमीला तिकीट लागत नाही. आणि मग पार्बताबाई येणार, सूप बाजूला ठेवून. शेषरावांनी दुपारपर्यंत या गोष्टीला डोक्यात इकडून तिकडून फिरवलं आणि शेवटी ठरवलं की माळ्यावरचा दुसरा बंब काढायचा आणि आपणच बसवायचा. त्यात काय आहे? जन्मभर शाफ्ट आणि पुल्या बसवल्या, पट्टे चढवले, गिअर उतरवले. दोन नळ आणि दोन तारा. शकुन जेवून पडली की सुरू करायचं आणि ती उठायच्या आत संपवायचं. तिला कशाला सांगा? उगाच भेदरून जाईल. गरोदर बाईला भेव दाखवू नये.

जेवताना ती म्हणाली, "बाबा, जिऱ्याचा डबा कुठी हाये?" आणि शेषरावांना सांगता आलं नाही. काल तिनं चाळणी विचारली होती. परवा माणिकबाईंचं काळं चिरगूट, पोटाला बांधायचं. प्रत्येक वेळी शेषराव उठत, दोन फळ्या उघडत, परत बसत. शकुन म्हणे, "ऱ्हाऊ द्या, मी पाह्यते," आणि स्वतःच शोधून काढी, त्या अवघडलेल्या पोटानं वाकून. तिच्या वाकण्याकडे बघवत नसे. आपण या घरात पाहुणे आहोत आणि ती यजमानीण, असं त्यांना गेल्या काही दिवसांत फार वेळा वाटलं होतं. पण निदान पाणी आहे, ते मनात म्हणत. पाणी तरी तिला काढावं लागत नाही. "पानी कसं हाये?" ते रोज विचारत. "झकास हाये बाबा," ती रोज म्हणे.

ती पडल्यावर त्यांनी ओसरीवरच्या मेनचा दांडा खाली ओढला. पाण्याचा कॉक बंद केला. माळ्यावरून बंब उतरवताना खांदा इतका दुखला की डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते शिडीवरच थोडा वेळ थांबले, बंबाला मिठी मारून. पोतं काढलं तेव्हा तांब्यावर हिरवट डाग होते, पण आतून खडखड नव्हती. न्हाणीत नेऊन ठेवला. लाकडी पाट घेतला, त्यावर उभे राहिले. जुन्याच्या तारा सोडवायला फार वेळ लागला नाही, पण नळ्यांचे नट असे बसले होते की पाना घसरून दोनदा बोटं सोलली. तेल घातलं, वाट बघत बसले. जिनात असा नट बसला की त्यांना घाई नसे. तिथल्या त्या घरघरीत, जिनं त्यांचा डावा कान कायमचा बंद केला, कापसाच्या त्या पांढऱ्या धुरळ्यात, त्यांना कसं कुणास ठाऊक, पण शांत वाटे. मशीन बिघडलं की काय बिघडलं ते सापडतंच, इतका त्यांचा विश्वास. माणिकबाईंचा ताप मात्र सापडला नाही. इर्विन दवाखान्यातला डॉक्टर आला, वैद्य आला, रिद्धपूरचा प्रसाद आला. त्या पडल्या पडल्या विचारत, "दिवा लावला का?" तिन्हीसांजा झाल्या की घरात अंधार राहिला तर त्यांच्या जिवाला चैन पडत नसे, आणि बिजली आल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. बटन दाबून दिव्याला हात जोडत. वीज कडाडली तर मेनचा दांडा स्वतः खाली करीत, आणि तिन्हीसांजेला स्वतः वर. साहेबाच्या बंबावर विश्वास नसलेली बाई, पण दिव्याच्या वेळेला दांड्यापाशी हजर. शेषराव हसत. आता न्हाणीत एकटे बसून हसू आलं नाही, नुसतं थकल्यासारखं वाटलं, हाडांत शिरलेलं थकणं, जे झोपून जात नाही आणि जे कोणाला सांगताही येत नाही, कारण सांगणार काय? काही झालेलं नाही. बायको गेली, सगळ्यांच्या जातात. पोरगी आली आहे, चांगलं आहे. खायला आहे. अंजनगावहून मेहुणा वांगी पाठवतो.

नट सुटला. जुना बंब उतरवला तेव्हा मागच्या भिंतीवर त्याच्या आकाराचा ओला डाग निघाला, आणि वरच्या तारांवरचं रबर हात लावताच भुगा होऊन पडलं. इथंच असणार सगळा घोटाळा. शेषरावांना बरं वाटलं, काय बिघडलं ते सापडलं होतं. नवा बंब आकड्यांवर चढवला, एकदा चुकला, खांद्यावर घेऊन परत चढवला. नळ्या जोडल्या. तारांची सडलेली टोकं कापली, पुढचं रबर चाकूनं सोलून तांबं उघडं केलं. तोवर खिडकीतला उजेड मऊ झाला होता आणि त्यांना जवळचं नीट दिसेनासं झालं होतं. कंदील आणावा का? पण आता दोनच पिळे द्यायचे होते. ती उठायच्या आत. डाव्या हातानं त्यांनी बंबाच्या नळाचा आधार घेतला, उजव्या हातात उघडी तार धरली, आणि मान वर करून पीळ द्यायला लागले.

शकुन उठली होती. बिनआवाजाची उठली, किंवा उठल्याचा आवाज त्या बंद कानाच्या बाजूनं आला. खोलीत अंधार पडत चाललेला. पोटुशा बाईनं तिन्हीसांजेला अंधारात बसू नये, हे मायनं लहानपणी कुण्या मावशीला सांगताना तिनं ऐकलेलं, आणि सासूनंही निघताना बजावलेलं. तिनं बटन दाबलं, दिवा लागला नाही. ती ओसरीवर आली, तर दांडा खाली. बाबांनी कशाला तरी खाली केला असेल आणि विसरले असतील. विसरतातच अलीकडे. तिनं दांडा वर केला. आतला दिवा लागला, आणि तिनं त्याला हात जोडले.

शेषरावांना काही ऐकू आलं नाही, काही दिसलं नाही. कोणीतरी त्यांना छातीत धरून भिंतीवर फेकलं, एवढंच कळलं. पाट सरकला, डोकं भिंतीवर आपटलं, आणि ते फरशीवर बसते झाले. तोंडात तांब्याची चव होती. आपण मेलो नाही हे कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर पहिला विचार आला तो फार विचित्र होता, की बरं झालं, आता तरी कोणीतरी म्हणेल पडून राहा. मग दारात शकुन दिसली. तिच्यामागं खोलीतला पिवळा उजेड. "बाबा!" "पाय घसरला," शेषराव म्हणाले. जीभ जड झाली होती. "काई नाई झालं. पाय घसरला. तू इकडं येऊ नको, तारेले हात लावू नको." शकुननं वर पाहिलं. लोंबणारी तार पाहिली, खाली उतरवलेला जुना बंब पाहिला, चाकू पाहिला. बापाची काळी पडलेली बोटं पाहिली. मग ती फिरली, त्या पोटानं जितकं पळता येईल तितकी पळत ओसरीवर गेली, आणि खटकन आवाज आला. घर पुन्हा अंधारलं.

कंदील घेऊन ती परत आली. तिनं त्यांना उठवून स्वयंपाकघरात आणलं, भिंतीशी बसवलं, बोटांना तूप लावलं. मग एकदम रडायला लागली, आणि रडता रडता रागानं बोलायला लागली. "म्या मारलं असतं तुमाले. माह्या हातानं. काहून सांगतलं नाई तुमी? मोरी तुंबली म्हने! मले सांगाले काय झालं होतं का बंब बसवून राह्यलो म्हनून?" शेषराव म्हणाले, "तुले भेव वाटलं असतं. नळात करंट उतरला होता, आज सकाळी मले समजलं. म्हटलं तुले कशाले... अकोल्याले समजलं असतं तं तुह्या सासूनं..." "मले मालूम होतं," शकुन म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"करंट. मले पहिल्याच दिवशी बसला होता." तिनं पदरानं नाक पुसलं. आता सुरुवात केलीच आहे तर सगळंच सांगून टाकावं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. "नळाले हात लावला अन् झटका बसला. मंग म्या हात नाई लावला कधी."

शेषरावांना कळेना. "मंग तू आंगोय कायची करत होती?"

तिनं कंदिलाची वात वर केली, परत खाली केली. "हौदातल्या पान्याची," ती म्हणाली.

शेषराव तिच्याकडे बघत राहिले. पौषाच्या पहाटे, हौदातलं पाणी, ज्यात हात घातला की त्यांची स्वतःची बोटं बधिर होत. सातव्या महिन्याची पोर. रोज. आणि ते रोज सकाळी ओसरीवर चहाची बशी घेऊन बसलेले, आतून तिचं "हाऽ, हूऽ" असं श्वास ओढणं उजव्या कानानं ऐकत. कढत पाणी अंगावर घेताना माणूस असाच आवाज करतो, म्हणून ते खूश होत. एकदा तर त्यांनी बाहेरून ओरडून सांगितलंही होतं, लय कढत असन तं थंडं मिसळ बाई. आणि आतून ती म्हणाली होती, हो बाबा. "अरे देवा," शेषराव म्हणाले. मग परत म्हणाले, "अरे देवा." आणि त्यांना रडू फुटलं, म्हाताऱ्या माणसाचं, बिनआवाजाचं, नाक गळणारं रडू. बायको गेली तेव्हाही चारचौघांत ते इतके रडले नव्हते.

"सांगाचं नाई का माय?" ते म्हणाले.

"कशी सांगू? तुमी रोज विचारा, पानी कसं हाये. तुमचं तोंड पाहून..." तिनं तुपाची वाटी बाजूला सरकवली. मग ती म्हणाली, शांतपणे, जणू स्वतःशीच, "तिकडं सासूबाई बडबड करतात. पन पानी थंडं असलं तं मी बी म्हन्ते, पानी थंडं हाये. इथं नाई म्हनता येत. इथं मले तुमचीच काळजी करा लागते बाबा."

शेषराव उठले. आता बसून राहणं कठीण होतं. मागच्या अंगणात त्यांनी तीन दगड मांडले, तुराट्यांचं जळण आणलं, आणि पाणी तापवायचा मोठा पितळी गुंड भरून ठेवला. पेटवायला तिला येऊ दिलं नाही. धूर डोळ्यांत गेला, खोकला आला, ओणवे होऊन ते फुंकत राहिले. हे आधीच करायचं होतं. रोज असं एक गुंड पाणी, त्यात काय अवघड होतं? आपल्याला दिवसभर दुसरा धंदा काय आहे? उद्यापासून पहाटेच उठायचं, ती उठायच्या आत पाणी तयार. दुसऱ्या बाळंतिणींचं करणारी एखादी बाई शोधायची, माळीपुऱ्यात मिळेल. जिऱ्याचा डबा कुठं आहे ते लक्षात ठेवायचं. दोन्ही बंब भंगारात देऊन टाकायचे. तुराट्या धडाडून पेटल्या तसा त्यांच्या मनात एकेक बेत पेटत गेला, आणि खूप दिवसांनी त्यांना वाटलं की अजून काही हातचं गेलेलं नाही. एवढ्यात काय बिघडलं? कळलं ना आता. आता लपवालपवी नाही. पाण्याला आधण आलं तेव्हा त्यांनी गुंडाच्या कानांना फडकं गुंडाळून तो उचलला, एका हाताची बोटं पोळलेली असताना, आणि न्हाणीत नेऊन ठेवला. बादलीत थंड पाण्याचं विसावण घातलं. कंदील कोनाड्यात ठेवला. "आता कर आंगोय," ते म्हणाले. "आता यावेळी?" "कर माय. अंग शेकून निघन."

दार लोटून ते बाहेर, मागच्या पायरीवर बसले, उजवा कान दाराकडे करून. आत तांब्या बादलीत बुडल्याचा आवाज आला. पाणी पडल्याचा आला. आणि मग काहीच नाही. श्वास ओढल्याचा नाही, हाऽ हूऽ नाही. नुसतं पाणी पडत होतं, सावकाश, थांबून थांबून, आणि मध्ये एकदा एक लांब निःश्वास आला, ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा. शेषराव ऐकत राहिले. धुराचा वास अंगाला येत होता आणि तो त्यांना चांगला वाटत होता. पाणी हाडापर्यंत गेलं, त्यांच्या मनात आलं. ते वाट बघत होते की ती आतून हाक मारील, म्हणेल, आता कसं बरं वाटलं. मग ते म्हणणार होते, उद्यापासून रोज. शब्द तयारच होते.

पाण्याचा आवाज थांबला.

"बाबा," शकुननं आतून हाक मारली. आवाज मोकळा होता, आल्या दिवसापासून इतका मोकळा कधी नव्हता. "बडनेऱ्यावरून अकोल्याले सकाऊनची गाडी असते ना?"

शेषरावांनी चुलीकडे पाहिलं. दोन तुराट्या अजून जळत होत्या.

"असते," ते म्हणाले.

"मंग मले लवकर उठवजा."

"उठवतो," शेषराव म्हणाले, आणि तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून जरा मोठ्यानं परत म्हणाले, "उठवतो बाई. पानी ठेवतो अन् उठवतो."